लग्नाचा दहावा वाढदिवस आणि चित्रे पाहण्यासाठी चार दिवस: बेळगावहून कोठे जावे?

वडगावचा विणकर (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या लग्नाला दहा वर्षे पूर्ण होतील. या दहा वर्षांत आम्ही दोघांनी मिळून केलेले प्रवास म्हणजे जोतिबा, सौंदत्तीची यल्लम्मा, नातेवाइकांची लग्ने आणि एकदा मुलीच्या दुखण्यासाठी हुबळी, एवढेच आहेत. यंदा मुलगी चार दिवस आजीकडे राहायला आनंदाने तयार झाली आहे आणि ते चार दिवस पत्नीच्या आवडीच्या गोष्टीतच घालवायचे असे मी मनाशी ठरवले आहे. तिला अजून काही सांगितलेले नाही.

पत्नी खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. चित्रकलेवर तिचा फार जीव आहे. शाळेच्या व्हरांड्याची भिंत तिने मे महिन्याच्या सुट्टीत, उन्हातान्हात, स्वतःच्या हाताने रंगवली. परंतु मोठ्या चित्रकारांची चित्रे तिने पुस्तकांत आणि दिनदर्शिकांवरच पाहिली आहेत. मी विणकराच्या घरातला आहे. वडिलांचे माग होते, मी साड्यांचे दुकान पाहतो. चित्रातले बारकावे मला समजत नाहीत, मात्र चित्रासमोर उभी राहिली की ती किती वेगळी दिसते, हे मला नीट ठाऊक आहे.

कोल्हापूर, गोवा, मुंबई, बंगळूर यांपैकी कोठे जावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आणखी एक विचारायचे आहे. निपाणीला तिच्या आजोळी माजघरात एक जुने छापील चित्र काचेच्या चौकटीत लावलेले आहे. त्यात एक स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे आणि दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा केला आहे. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा बोलायला काही सुचेना म्हणून त्या चित्राकडेच पाहत बसलो होतो. घरातले सगळे त्याला रविवर्म्याचे चित्र म्हणतात. ते मूळ चित्र कोठे पाहायला मिळते, हे कोणाला माहीत असल्यास कृपया सांगावे.

निपाणीकर

अभिनंदन. माझे मत कोल्हापूरला आहे. बेळगावहून ते सुमारे ११० किलोमीटरवर आहे, म्हणजे सकाळचा चहा घरी घेऊन निघालात तरी दुपारच्या आत पोहोचाल. बाबूराव पेंटर आणि आबालाल रहिमान या चित्रकारांच्या गावाला उगीच कलापूर म्हणत नाहीत. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचे कलासंग्रहालय आहे. आपण त्यांना चित्रपटातले नट म्हणून ओळखतो, पण त्यांची निसर्गचित्रे पाहिल्यावर हा मनुष्य आधी चित्रकार होता हे पटते. टाऊन हॉलमधील संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. ग्रीकांचा समुद्रदेव पंचगंगेच्या काठी कसा आला, हा विचार करत आम्ही उभयता तिच्यासमोर बराच वेळ उभे होतो. संध्याकाळ रंकाळ्यावर काढावी.

चोर्ला घाट

चार दिवस असतील तर गोवा विसरू नये. गोवा म्हणजे समुद्रकिनारा एवढेच आपल्याकडे समजले जाते, परंतु चोर्ला घाट उतरून पणजीत शिरल्यावर किनाऱ्याकडे पाठ फिरवूनही दोन दिवस सुखाने जातात. मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारात निळ्या-पांढऱ्या पोर्तुगीज फरशांवर काढलेली मोठी चित्रे आहेत. ती जॉर्ज कोलासो यांची आहेत. जुन्या गोव्यात सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयात हस्तिदंताच्या आणि लाकडाच्या मूर्ती आहेत. त्या मूर्तींचे चेहरे पाहिले की घडवणारा हात इथल्याच कारागिराचा होता हे लगेच ओळखू येते. रेइश मागूशच्या किल्ल्यात मारिओ मिरांडा यांची रेखाटने आहेत. वहिनींना लोकांचे चेहरे काढायला आवडत असतील तर हे सर्वांत आधी दाखवावे. फोंतेन्यास भागात सकाळी लवकर, गर्दी होण्यापूर्वी, चालत फिरावे.

खडेबाजार

मूळ चित्रेच पाहायची असतील तर मुंबईला पर्याय नाही. काळा घोड्याच्या एका चौकात १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झालेले आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, समोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि शेजारी १९५२ पासूनचे जहांगीर कलादालन, असे सगळे पायी अंतरावर आहे. जहांगीरमध्ये पुष्कळदा चित्रकार स्वतः आपल्या चित्रांपाशी बसलेले असतात आणि त्यांच्याशी बोलता येते. शिक्षिकेला याचा फार उपयोग होईल. मात्र मुंबईत राहण्याचा खर्च आणि धकाधक दोन्ही अधिक आहे, आणि आपल्या धाग्याच्या शीर्षकात लग्नाचा वाढदिवस हे शब्द आधी आलेले आहेत, हे लक्षात ठेवावे.

रंगपेटी

धागाकर्त्यांच्या शेवटच्या प्रश्नाला आतापर्यंत कोणी उत्तर दिलेले नाही, आणि माझ्या मते आपल्या संपूर्ण सहलीचे उत्तर त्याच प्रश्नात आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपण वर्णन केलेले चित्र रविवर्म्याचे नाही. ते सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. राजा रविवर्मा १९०६ मध्ये वारले आणि हे चित्र १९४५-४६ मधले आहे, तेव्हा त्यांचा या चित्राशी संबंध असणे शक्यच नाही. हा गैरसमज केवळ आपल्याच घरात नाही, तो सगळीकडे आहे. रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तिथल्या छापील चित्रांनी घरोघरच्या भिंती भरल्या. तेव्हापासून साडी नेसलेल्या सुंदर स्त्रीचे कोणतेही चित्र दिसले की लोक तेच एक नाव घेतात.

हळदणकर १८८२ मध्ये सावंतवाडीला जन्मले. आंबोलीचा घाट उतरला की लागणारी ती सावंतवाडी, म्हणजे बेळगावचा शेजारच. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकून पुढे त्यांनी स्वतःची चित्रशाळा काढली. या चित्रासाठी त्यांची कन्या गीता उभी राहिली होती. दिवाळीच्या सुमारास तिला हातात दिवा घेतलेली पाहून त्यांना हे चित्र सुचले, असे सांगितले जाते. या गीताबाई, लग्नानंतरच्या उपळेकर, कोल्हापुरात राहत आणि २०१८ मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी तिथेच निवर्तल्या. आपल्या निपाणीच्या माजघरातली ती तरुण स्त्री निपाणीपासून तासाभराच्या अंतरावर शंभरी ओलांडेपर्यंत नांदत होती, हे मला समजले तेव्हा मी कितीतरी वेळ दुसरे काही करू शकलो नव्हतो.

आता मूळ चित्र. ते म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात, जयचामराजेंद्र चित्रशाळेत आहे. मूळ चित्र जलरंगातले आहे, ही गोष्ट छापील प्रत पाहून कधीच कळत नाही. तैलरंगात अंधार आधी रंगवून त्यावर उजेड चढवता येतो. पारदर्शक जलरंगात तसे करता येत नाही; तिथे उजेड म्हणजे मोकळा राखलेला कागद असतो. चित्रकाराला अंधार भरत भरत उजेडाला जागा सोडत जावे लागते आणि एकदा चुकले की मागे फिरता येत नाही. ज्योतीभोवती धरलेल्या हाताची बोटे पाहावीत. उजेड बोटांच्या मांसातून आरपार आल्याने कडा तांबूस झाल्या आहेत. शाळेत असताना आपण सर्वांनी मुठीत विजेरी धरून तो तांबडा रंग पाहिलेला आहे. तो रंग कागदावर उतरवणे किती अवघड आहे हे वहिनींना पाहताक्षणी उमगेल, कारण त्या स्वतः रंगवतात.

म्हणून माझा सल्ला असा आहे की शहर निवडून मग त्यातील संग्रहालये शोधण्याऐवजी हे एक चित्र धरावे आणि त्याच्याभोवती चार दिवस विणावेत. आपण विणकर आहात, ताणा आधी लावावा लागतो हे आपल्याला मी सांगायला नको.

वडगावचा विणकर

रंगपेटी, आपला प्रतिसाद मी काल रात्री दुकान बंद केल्यावर तीनदा वाचला. दहा वर्षांपूर्वी ज्या चित्राकडे पाहत बसलो ते चित्र कोणाचे, हे आज समजले. आता दुसरीकडे जाण्याचा विचारही मनात येत नाही, म्हैसूरच नक्की. निपाणीकर, चोर्ला घाट आणि खडेबाजार यांनी आपुलकीने लिहिले, त्यांचाही ऋणी आहे. कोल्हापूर तर जवळच आहे.

हळदणकरांचे नाव पत्नीला आधी सांगावे की नाही, याविषयी मन द्विधा झाले आहे. आणि चार दिवसांची आखणी कशी करावी, तेही कृपया सुचवावे.

घटप्रभा

नाव सांगू नये. तिथे गेल्यावर त्यांना स्वतः वाचू द्यावे.

आखणीविषयी माझा अनुभव लिहिते, कारण तो कडू आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे एका मोठ्या शहरात गेलो होतो. यजमानांनी कागदावर यादी केली होती: दोन दिवसांत सात ठिकाणे. पहिल्या दिवशी चौथ्या संग्रहालयात पोहोचेपर्यंत माझे पाय सुजले होते आणि मी मूर्तींकडे न पाहता बसायला बाक कोठे आहे ते पाहत होते. दुसऱ्या दिवशी सोमवार होता. ज्या एका दालनासाठी मी मुळात आले होते त्याला कुलूप होते. यजमानांना वाईट वाटले, मला राग आला आणि परतीच्या गाडीत आम्ही खिडकीच्या दोन बाजूंना तोंडे करून बसलो होतो.

तेव्हापासून आमच्या घरचा नियम असा आहे की दिवसाला एकच संग्रहालय पाहायचे, फार तर दोन, आणि ते सकाळी, पाय ताजे असताना. प्रत्येक दालनात घाईने फिरण्यापेक्षा दोघांनी आधी वेगवेगळे फिरावे, आपल्याला आवडलेले एकेक चित्र निवडावे आणि मग एकमेकांना हात धरून तिथे न्यावे. आपल्या माणसाने कोणते चित्र निवडले, हे पाहण्यात फार सुख आहे. माझ्या यजमानांनी एकदा ओट्यावर एकट्याच बसलेल्या म्हातारीचे चित्र निवडले होते. त्यांच्या आई नुकत्याच गेल्या होत्या आणि त्याविषयी ते घरात एक अक्षर बोलले नव्हते.

मलप्रभेकाठचा

मी मूळचा खानापूरचा, नोकरीनिमित्त गेली बरीच वर्षे म्हैसूरला आहे. घटप्रभाताईंचा नियम पाळून एक आखणी सुचवतो.

गुरुवारी रात्री राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघावे आणि शुक्रवारी सकाळी बंगळूरला उतरावे. तो दिवस बंगळूरला द्यावा. कस्तुरबा रस्त्यावरील कला आणि छायाचित्र संग्रहालय २०२३ मध्ये उघडले. तिथल्या संग्रहात चित्रे आणि छायाचित्रे आहेतच, शिवाय वस्त्रे आहेत आणि आपल्या आजी-आजोबांच्या काळची छापील चित्रेही आहेत. म्हणजे विणकर आणि चित्रकार दोघांचीही सोय झाली. पण त्या संग्रहातले काय मांडलेले असेल ते चालू प्रदर्शनांवर अवलंबून असते, म्हणून आधी चौकशी करावी. दुपारनंतर अंगात जोर असेल तरच पॅलेस रस्त्यावरील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात जावे. माणिक्यवेलू यांच्या जुन्या बंगल्यात २००९ पासून ते आहे आणि आवारात मोठी झाडे आहेत. चित्रे थोडी पाहिली आणि झाडांखाली जास्त बसलात तरी दिवस सार्थकी लागेल. ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात, शुक्रवारी काळजी नाही.

शनिवारी सकाळच्या रेल्वेने म्हैसूर गाठावे. अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. दुपारी जगन्मोहन राजवाडा पाहावा. तो १८६१ चा, मुम्मडि (तिसरे) कृष्णराज वडेयर यांच्या काळचा. तिथे रविवर्म्यांची खरी चित्रेही आहेत, ती आधी पाहावीत आणि मग हळदणकरांच्या चित्राकडे जावे. दोघांच्या हातांतला फरक तेव्हाच कळतो. ते चित्र अंधाऱ्या जागेत लावलेले आहे, डोळे सरावायला थोडा वेळ द्यावा. शनिवारी गर्दी असते आणि मागचे लोक पुढे सरकण्याची घाई करतात. म्हणून रविवारी सकाळी दार उघडताच पुन्हा एकदा जावे. एकच चित्र दोनदा पाहण्यासाठी दोनदा तिकीट काढले, याचा पश्चात्ताप होणार नाही.

रविवारी दुपारी सोमनाथपूर करावे, सुमारे ३५ किलोमीटर. होयसळांच्या काळातले १२५८ चे केशव मंदिर तिथे आहे आणि २०२३ मध्ये बेलूर-हळेबीडसह ते जागतिक वारशात गेले. तिथल्या मूर्तींखाली शिल्पकारांची नावे कोरलेली आहेत. मल्लितम्म हे नाव पुनःपुन्हा आढळते. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाचे नाव आजही वाचता येते, आणि हळदणकरांचे नाव मात्र ऐंशी वर्षांच्या आतच लोकांच्या तोंडून पुसले गेले, हे तिथे उभे राहिल्यावर मला नेहमी जाणवते.

संध्याकाळी सातपूर्वी मुख्य राजवाड्याच्या आवारात परत यावे. रविवारी आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी सात वाजता सगळा राजवाडा दिव्यांनी उजळतो. जवळजवळ एक लाख दिवे एका क्षणी लागतात. त्या क्षणाआधीचा अंधारच मला अधिक आवडतो, कारण हजारो माणसे गप्प होऊन एकाच दिशेने पाहत असतात. देवराज मार्केटमधून आधी म्हैसूर मल्लिगेचा गजरा घेऊन ठेवावा. सोमवारी थेट रेल्वेने परत बेळगावला यावे. तिकिटे आजच काढावीत.

भाषेची चिंता नसावी. वहिनींचे कन्नड चांगलेच असणार. तुमचे बेळगावी वळणाचे कन्नड ऐकून म्हैसूरचा माणूस क्षणभर थांबेल, मग प्रेमाने रस्ता दाखवील.

किल्ला तलाव

एक लहानशी सूचना. निघण्यापूर्वी एक सकाळ आपल्याच गावाला द्यावी. किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिराच्या छताला दगडाचे उमललेले कमळ आहे. ही बस्ती १२०४ ची, म्हणजे सोमनाथपूरच्याही आधीची आहे. आणि टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात के. बी. कुलकर्णी यांच्या नावाचे कलादालन आहे. रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार ज्यांच्या हाताखाली घडले ते हे शिक्षक. बेळगावच्या, चित्रे काढणाऱ्या शिक्षिकेने म्हैसूरला जाण्यापूर्वी तिथे नमस्कार करावा, असे मला मनापासून वाटते.

वडगावचा विणकर

परत येऊन आठवडा झाला. सर्वांचे आभार मानून जे घडले ते लिहितो.

घटप्रभाताईंचे ऐकून नाव सांगितले नाही. म्हैसूरला जायचे आहे एवढेच सांगितले, तेव्हा तिला वाटले की मी म्हैसूर सिल्कच्या खरेदीसाठी निघालो आहे आणि तिला सोबत नेतो आहे. बंगळूरला संग्रहालयात दोघांनी वेगळे फिरून एकेक वस्तू निवडण्याचा प्रयोग केला. मी तिला एका जुन्या वस्त्रापाशी नेऊन त्याची वीण समजावून सांगितली, आणि ती इतक्या लक्षपूर्वक ऐकत होती की दहा वर्षांत माझ्या कामाविषयी आपण इतके कधी बोललोच नव्हतो, हे माझ्या लक्षात आले.

शनिवारी जगन्मोहन राजवाड्यात रविवर्म्यांची चित्रे पाहून झाल्यावर ती म्हणाली, "आजीचं चित्रही इथंच असायला पाहिजे." मी काही बोललो नाही. त्या अंधाऱ्या जागेशी पोहोचलो, तेव्हा ती आधी ओळखीचे माणूस भेटल्यासारखी हसली, मग जवळ गेली आणि नाव वाचले. त्यानंतर तिने माझा हात पकडला तो बाहेर येईपर्यंत सोडला नाही. मागून लोक पुढे सरका म्हणत होते. रविवारी सकाळी मात्र काही काळ तिथे आम्ही दोघेच होतो. ती चित्रापेक्षा बोटांच्या कडाच पाहत होती. "हा कागद आहे, इथं त्यांनी रंगच लावलेला नाही," असे ती हळूच म्हणाली.

सोमनाथपूरला मल्लितम्माचे नाव तिने दगडावर बोट फिरवून न्याहाळले. संध्याकाळी राजवाड्यासमोर गजऱ्याचा वास येत होता आणि दिवे लागण्याआधी तिने डोळे मिटून घेतले होते. कारण मी विचारले नाही.

काल निपाणीला गेलो होतो. तिने माजघरातली चौकट उतरवून पुसली, मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने "सावळाराम लक्ष्मण हळदणकर, १९४५-४६, म्हैसूर" असे लिहिले आणि आजीला वाचून दाखवले. आजींना आता कमी ऐकू येते, म्हणून हळदणकर सावंतवाडीचे हे दोनदा सांगावे लागले. आजी चित्राकडे पाहून म्हणाल्या, "म्हणजे आपल्याकडचीच म्हणायची की ही पोरगी. टांगा परत तिथंच, देवाच्या दिव्यासमोर."